किती स्टार ते नंतर बघू : समीक्षा वाचून सिनेमा कसा निवडायचा

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडे. शुक्रवारी शटर वर केलं की दुपारपर्यंत कुणी ना कुणी विचारतंच, “काका, कुठला बघू?” काउंटरखाली लाल कापडी बांधणीची एक खतावणी असते आणि तिच्यात उधारी लिहिलेली नसते, हे आता गल्लीला माहीत झालंय. तिच्यात सिनेमे आहेत. कुठल्या समीक्षकाने काय म्हटलं, किती स्टार दिले आणि पाहून आल्यावर मला काय वाटलं.

ही वही एका फजितीतून सुरू झाली. एका पेपरात साडेचार स्टार बघितले, मोबाइलवर सहा तिकिटं काढली आणि बायको, आत्या, आत्याची सून, तिची दोन पोरं अशी वरात घेऊन थिएटरच्या दारात उभा राहिलो. दारावरच्या माणसाने आधी पोरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “काका, ए आहे.” अठराच्या खालच्यांना सोडत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. तो सिनेमा ए आहे हे मात्र मी बघितलंच नव्हतं. समीक्षेच्या खाली बारीक अक्षरात ते छापलेलंही होतं. तिकिटांचे पैसे गेले. पार्क चौपाटीवर भेळ खाता खाता आत्या म्हणाली, “अरे, चांगला असंल की तुझा पिच्चर. पण आमच्यासाठी होता का?”

पुढची सगळी पद्धत आत्याच्या या प्रश्नावर उभी आहे.

पहिली पायरी : समीक्षा उघडायच्या आधी

कोण कोण येणार आणि घरी किती वाजता पोचायचं, हे आधी ठरवा. मग प्रमाणपत्र बघा. यू म्हणजे सगळ्यांना मोकळं. यूए पूर्वी एकच होतं. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली, २०२४ मध्ये नवे नियम आले आणि त्याचे तीन भाग झाले : यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. हा आकडा आईबापांना दिलेला सल्ला आहे. पोराला न्यायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. ए हा मात्र अडसर आहे, तिथे तुमची मर्जी चालत नाही. तिकिटाच्या अ‍ॅपवर सिनेमाच्या नावाखालीच हे दिलेलं असतं. बोट पुढे सरकवायच्या आधी दोन सेकंद थांबायचं, एवढंच काम.

तिथेच लांबीही दिलेली असते. ‘सैराट’ १७४ मिनिटांचा होता, म्हणजे तीन तासांना सहा मिनिटं कमी. त्यात मध्यंतर आणि सुरुवातीच्या जाहिराती धरा. रात्री साडेनऊच्या शोला बसलात तर बाहेर पडेपर्यंत एक वाजत आलेला असतो. जुळे सोलापूरवाल्याला त्याचं काही नाही. पण मोहोळहून किंवा अक्कलकोटहून आलेल्या माणसाने शेवटची एसटी बघूनच शो निवडावा. कुठलाच समीक्षक हे लिहीत नाही, कारण त्याला एसटी पकडायची नसते.

दुसरी पायरी : समीक्षक पारखून घ्या

हे काम सर्वांत जास्त वेळ खातं, पण एकदाच करावं लागतं.

चार समीक्षक निवडा. एक मराठी पेपरातला, एक इंग्रजीतला, एक यूट्यूबवर बोलणारा आणि एक तुमच्या ओळखीतला, ज्याची आवड तुमच्याशी जुळत नाही असा. मग तुम्ही आधीच पाहिलेले पाच सिनेमे घ्या. पाचही एका जातीचे नकोत. एक मारधाडीचा, एक विनोदी, एक भुताचा, एक गावाकडचा आणि एक पारितोषिकं मिळवलेला संथ असा मिसळ मामला हवा. त्या पाचांवर या चौघांनी तेव्हा काय लिहिलं होतं ते शोधून वाचा आणि वहीत रकाने आखा : सिनेमा, समीक्षकाचे स्टार, माझे स्टार, त्याने दिलेलं कारण.

सिनेमा तुम्ही पाहिलेला असल्यामुळे परीक्षा आता समीक्षकाची होते. त्याला जे खटकलं ते तुम्हाला खटकलं होतं का? त्याला जे लांबलेलं वाटलं तिथे तुम्ही रडत होतात का?

माझ्या वहीतला एक इंग्रजी समीक्षक (नाव लिहीत नाही, भला माणूस आहे) धुडगूस घालणाऱ्या विनोदी सिनेमांना कधी दोनच्या वर जात नाही. त्याने दोन दिले आणि कारण ‘आरडाओरडा फार’ असं लिहिलं, की मी डोळे मिटून तिकीट काढतो. वीसेक सिनेमांनंतर हे ध्यानात आलं. तेव्हापासून आवड जुळणाऱ्यापेक्षा हा माझ्या जास्त कामाचा झालाय. आपल्याकडे चादर घेताना जाणतं गिऱ्हाईक ती उलटी करून बघतं. जेकार्ड मागावर विणलेल्या सोलापुरी चादरीला मागच्या अंगालाही तीच नक्षी असते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली. या समीक्षकाचं तसंच आहे. नक्षी त्याला बरोबर दिसते, रंग तेवढे मी उलटे वाचतो.

कामाचा नसतो तो दरवेळी वेगळंच काही आवडणारा, कारण न सांगणारा समीक्षक. आज संथपणा गुण, उद्या तोच दोष. अशाला यादीतून काढा, मग तो कितीही गाजलेला असो.

पारखताना आणखी एक बघा : समीक्षकाला कशाचा लळा आहे. लळा सगळ्यांना असतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापुरात जन्मलेले. १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली सिनेमा काढला आणि कोटणिसांची भूमिका स्वतः केली. त्या सिनेमाला स्टार द्यायला मला सांगाल तर माझा हात आखडायचा नाही, कारण माणूस आमच्या गावचा. चरित्रपट बघणाऱ्या समीक्षकाचंही असंच होतं. माणूस थोर असला की सिनेमाही थोर वाटायला लागतो. स्तुतीतली किती वाक्यं माणसाबद्दल आहेत आणि किती सिनेमाबद्दल, ते मोजून बघा. माझ्या अनुभवात निम्मी तरी गळून पडतात.

तिसरी पायरी : आकडे

आकड्यांत फसगत फार होते, म्हणून एक हिशेब मांडून दाखवतो. रॉटन टोमॅटोज या समीक्षा गोळा करणाऱ्या वेबसाइटवर जो टक्का दिसतो, तो गुणांची सरासरी नसतो. किती समीक्षकांचं मत एकंदरीत बरं आहे, त्याची ती टक्केवारी असते. दहा समीक्षक घ्या. पहिल्या सिनेमाला दहाही जणांनी पाचपैकी तीन दिले, म्हणजे ‘बरा आहे’. दहाही मतं बाजूची, टक्का शंभर. दुसऱ्या सिनेमाला सात जणांनी पाचपैकी पाच आणि तिघांनी एक दिला. टक्का सत्तर. आता सरासरी काढा. पहिल्याची तीन, दुसऱ्याची तीन पूर्णांक आठ. शंभर टक्केवाला बेताचा निघाला आणि सत्तरवाल्यावर सात माणसं जीव ओवाळून टाकतायत. सहकुटुंब जायचं असेल तर पहिला घ्या, कुणाचा राग येणार नाही. एकट्याने जायचं असेल तर मी दुसरा घेईन.

मेटाक्रिटिक ही तशीच दुसरी साइट शंभरपैकी गुण देते आणि ती समीक्षकांच्या गुणांची सरासरी असते. काही समीक्षकांच्या मताला तिथे जास्त वजन असतं. आयएमडीबी या सिनेमांच्या साइटवरचे दहापैकी गुण मात्र तुमच्या-माझ्यासारख्या प्रेक्षकांचे. तिथे गुणांवर टिचकी मारून कुणी किती दिले याचा तक्ता उघडा. दहा देणारे ढीगभर, एक देणारेही ढीगभर आणि मधे मोकळं मैदान दिसलं, तर ती चाहत्यांची आपसातली मारामारी समजा. सिनेमाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. मतं देणारे शंभर-दोनशेच असतील तर आठवडाभर थांबा. पहिली मतं बहुतेक घरच्याच लोकांची असतात.

कोटींचे आकडे हा तर निकालच नव्हे. ‘ग्रॉस’मध्ये कर धरलेला असतो, ‘नेट’मध्ये तो वजा केलेला. जाहिरातीत अर्थात मोठा आकडा छापतात. त्यावरून किती लोक आत गेले ते कळतं, बाहेर येताना त्यांचं तोंड कसं होतं ते कळत नाही.

चौथी पायरी : समीक्षेची भाषा

समीक्षक सभ्य माणसं असतात. वाईट आहे असं लिहिणं त्यांना जड जातं, म्हणून त्यांनी काही शब्द ठरवून ठेवलेत. वहीच्या शेवटच्या पानावर मी त्यांचा कोश केलाय, त्यातला थोडा देतो.

‘प्रामाणिक प्रयत्न’ : जमलेलं नाही, पण माणसं भली आहेत. ‘विषय महत्त्वाचा आहे’ : विषयाखेरीज काही नाही. ‘निर्मितीमूल्यं उत्तम’ : पैसा दिसतो, बाकी काय लिहावं ते सुचेना. ‘संयत’ : आवाज कुणी चढवत नाही, मागच्या रांगेत एक जण घोरतो. ‘कलाकारांनी आपापल्या भूमिका चोख बजावल्या’ : शब्दसंख्या भरायची होती. ‘उत्तरार्धात पकड सुटते’ : हे खरं असतं, विश्वास ठेवा. ‘एकदा पाहायला हरकत नाही’ : हरकत आहे. ‘मेंदू घरी ठेवून जा’ : या एका वाक्यावर मी तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा मजा आली, तेव्हा हे तुमच्या स्वभावावर सोडतो.

थट्टा बाजूला. खरी सूचना अशी की विशेषणांवरून पेन्सिल फिरवा आणि काय उरतं ते वाचा. उरलेल्यात एखादा प्रसंग, एखादी हालचाल, एखादा आवाज असेल तर त्या माणसाने सिनेमा नीट बघितलाय. ‘कॅमेरा हलत नाही, माणसं चौकटीत येतात आणि जातात, कोर्टातला कंटाळा तुमच्याही अंगात उतरतो’ असं चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’बद्दल कुणी लिहिलं, तर स्टारची गरजच उरत नाही. ज्याला हे ऐकून ओढ वाटते त्याने जावं, ज्याला जांभई येते त्याने जाऊ नये. त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये तो आपल्याकडे लागला. पुरस्कार खराच होता. पण पुरस्काराच्या बातमीवरून आलेले कितीतरी जण मध्यंतरात चहा प्यायला गेले ते आत परतलेच नाहीत. चूक ना सिनेमाची, ना त्यांची. पुरस्काराची बातमी वाचली होती, कॅमेरा हलत नाही हे वाक्य वाचलं नव्हतं.

कथेचं काय? आपल्या पेपरांत कथा बहुधा मधल्या परिच्छेदांत असते. सिनेमाआधी पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचायचा, मधला भाग घडी घालून ठेवायचा आणि परत आल्यावर वाचायचा. यूट्यूबवर ही सोय नाही. तिथे बोलणारा कधी काय फोडेल सांगता येत नाही, म्हणून तो शेवटी.

तेलुगू सिनेमाची वेगळी वाट

सोलापुरात हा विषय टाळून चालत नाही. पूर्वभागातला माझा एक मित्र यंत्रमाग चालवतो, घरी तेलुगू बोलतो, माझ्याशी मराठी. ‘पुष्पा’ लागला तेव्हा मी त्याला हिंदी समीक्षा वाचून दाखवत होतो. तो म्हणाला, “ते हिंदीवालं ठेव बे बाजूला. त्यानं डबिंगचा पिच्चर बघितलाय. मी बघणार तो वेगळाच हाय.”

त्याचं बरोबर होतं. मूळ तेलुगूत अल्लू अर्जुन चित्तूरकडची बोली बोलतो. हिंदीत त्याला आवाज आपल्या श्रेयस तळपदेने दिला आणि तो स्वतंत्रपणे गाजला. म्हणजे दोन भाषांतले दोन समीक्षक एकाच नावाच्या दोन सिनेमांवर लिहीत होते. तेव्हा समीक्षा वाचताना आधी बघा, या माणसाने कुठल्या भाषेतला सिनेमा पाहिलाय. संवाद फिके वाटले असं लिहिलं असेल, तर फिकेपणा मुळातला की डबिंगचा? मूळ भाषा येत असेल तर त्या भाषेतल्या समीक्षकाचंच ऐका. येत नसेल तर हिंदीवाल्याचं ऐका, कारण तुम्ही तेच बघणार आहात.

उलटंही घडतं. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची. ‘सैराट’ २०१६ च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २९ एप्रिलला आपल्याकडे लागला. बर्लिनमधल्या प्रेक्षकाने खाली अक्षरं वाचली. आपण त्यातली बोली कानाने ऐकली आणि करमाळ्याचा माणूस तर विहीर कुठली, रस्ता कुठला यावर पैजा लावत होता. परगावच्या समीक्षकाला ‘नवं जग’ दिसतं, आपल्याला मावशीचं गाव. दोघांचे स्टार एका तागडीत टाकू नका.

शुक्रवार ते सोमवार

शुक्रवारी पहिला शो सुटायच्या आधी ‘ब्लॉकबस्टर’ लिहिणाऱ्याला गाळा. एकच वाक्य थोड्या फरकाने पाच ठिकाणी दिसलं तर पाचही गाळा. समीक्षेत एकही दोष नसेल तर शंका घ्या, एकही गुण नसेल तरी घ्या.

मग अ‍ॅपवर शुक्रवारी संध्याकाळच्या शोचा खुर्च्यांचा नकाशा उघडा. तोच रविवारी रात्री आणि सोमवारी पुन्हा बघा. रविवार भरतोच, खरी परीक्षा सोमवारची. सोमवारी संध्याकाळीही मधल्या रांगा भरत असतील, तर पाहून आलेला माणूस दुसऱ्याला पाठवतोय. अशा वेळी बेताची समीक्षा असली तरी मी जातो.

यात एक खोच आहे. छोट्या मराठी सिनेमाला ही परीक्षा लावू नका. त्याला दिवसाला एखादाच शो मिळतो, तोही दुपारी साडेबाराचा, जेव्हा नोकरदार ऑफिसात आणि पोरं शाळेत. खुर्च्या रिकाम्या दिसतात आणि सोमवारी शो जातो. त्याचा निकाल शुक्रवारी-शनिवारीच वाचून ठरवा, एका भरवशाच्या समीक्षकावर धाडस करा आणि जा. मी असे चार चांगले सिनेमे ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत हुकवलेत.

जुन्या निकालांचं पान

वहीत एक पान चुकलेल्या निकालांचं ठेवा. माझ्या पानावर सगळ्यात वर ‘शोले’ आहे. १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला तेव्हा सुरुवातीचा सूर थंड होता, समीक्षकांनी नाकं मुरडली. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला. ‘कागज़ के फूल’ १९५९ मध्ये आपटला, आज तो अभ्यासाला असतो. ‘अंदाज़ अपना अपना’ १९९४ मध्ये चालला नाही. त्याचे संवाद आज माझ्या दुकानात झेरॉक्सच्या रांगेत उभी राहून पोरं म्हणतात, आणि ती तेव्हा जन्मलीही नव्हती.

या पानावरची सगळ्यात ताजी नोंद ‘तुंबाड’ची. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. समीक्षा चांगल्या होत्या, तरी गर्दी बेताचीच झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लावला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. इथे समीक्षक बरोबर होते, आम्ही चुकलो. माझ्या वहीत २०१८ च्या पानावर ‘भुताचा, नको’ एवढंच लिहिलंय. दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा पडद्यावर पाऊस थांबेना आणि बाहेर आल्यावर अंगावर कोरडी हवा बरी वाटली, असं खाली लिहिलंय. हा ए आहे, पोरांना नेऊ नका. मी एकदा शिकलोय.

शेवटची पायरी : स्वतःचा निकाल

सिनेमा पाहून आल्यावर त्याच रात्री पाच ओळी लिहा. सकाळपर्यंत दुसऱ्यांची मतं आपल्या तोंडात येतात. कथा लिहू नका, ती कुठेही मिळते. कुणाबरोबर पाहिला. कुठल्या प्रसंगाला थिएटर गप्प झालं. घड्याळ कितव्यांदा बघितलं आणि पडद्यावर तेव्हा काय चाललं होतं. आवाज आणि पडदा धड होता का, कारण अंधूक पडद्यावर बघितलेल्या सिनेमाचं छायाचित्रण वाईट म्हणणं अन्याय आहे. आणि पाचवी ओळ : कुणाला पाठवीन, कुणाला नाही. स्टार द्यायचेच असतील तर सगळ्यात शेवटी, आणि जातवारीने द्या. भुताच्या सिनेमाला भुताच्या सिनेमांशी तोला. विनोदी सिनेमाचे तीन आणि चरित्रपटाचे तीन एकाच भावाने विकू नका.

मग घडी घातलेला तो मधला परिच्छेद उघडा आणि समीक्षकाशी भांडा. मला तर अर्धी मजा यातच येते.

आत्या आता शुक्रवारी फोन करते. “किती स्टार?” असं ती विचारत नाही. “ए आहे का रे?” आणि “सुटतो किती वाजता?” एवढे दोनच प्रश्न. मागच्या वेळी तिसरा आला, “रडायला येतं का? मग गौरीला पण घेते.” यंत्रमागवाला मित्र तेव्हा दुकानातच उभा होता. फोन माझ्या हातातून घेत तो तिला म्हणाला, “आत्या, फाईट पण हाय चांगली. या तुम्ही.”